मधुमेह, स्वादुपिंड आणि दारू : तुमचे अनुभव लिहा

गटारी तोंडावर आली की 'शुगरवाल्याला बिअर नको, व्हिस्की चालते' असे सल्ले घरोघरी सुरू होतात. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. दारूने साखर वाढते एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ती घसरते, आणि बऱ्याचदा झोपेत घसरते, हे कुणी सांगतच नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः भोगलंय किंवा घरच्यांचं काढलंय त्यांनी लिहा. डॉक्टर, हॉस्पिटल यांची नावं नकोत. औषधांची जरूर द्या.

धाकटी सून
माझ्या मोठ्या दिरांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. पुतण्याच्या हळदीला चकण्यावरच भागवलं, जेवले नाहीत, गोळी मात्र नेमाने घेतली. पहाटे जाऊबाईंनी हाक मारली. गादी घामाने चिंब, भाऊजी काहीतरी असंबद्ध बरळतायत. मांडवातली माणसं म्हणाली, "चढलीय, झोपू द्या, उतरेल." पुतणीने ऐकलं नाही, सासूबाईंचं ग्लुकोमीटर आणून बोट टोचलं. साखर 38! कुणी साखरेचं पाणी पाजायला धावलं, तिने हात धरला. धड शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, तेवढ्यापुरते सावध झाले, दुपारी साखर पुन्हा खाली. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की उपाशीपोटी रक्तात साखर सोडायचं काम यकृताचं; दारू निपटण्यात ते गुंतलं की हे काम मागे पडतं. हा धोका दुसऱ्या दिवसापर्यंतही राहू शकतो. घाम, बरळणं, तोल जाणं, सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं. त्या रात्री पुतणी घरात नसती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

कडेकपारी
मला स्वादुपिंडाचा त्रास आहे. पहिल्या वेळी छातीखाली कळ उठली ती थेट पाठीत आरपार. उताणं पडता येईना. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलो की जरा सुसह्य. सोबत उलट्या. सगळे ॲसिडिटी म्हणत होते. रक्तात लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) तपासलं, तेव्हा कळलं. नॉर्मलच्या तिप्पट गेलं की डॉक्टर स्वादुपिंडाचा दाह धरतात, माझं त्याच्याही कितीतरी वर होतं. सुरुवातीला तोंडाने काही नाही, नुसती सलाइनं. ओठांवर ओला कापूस फिरवायचे.

पुढेही अटॅक येत राहिले. आता सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे खडे दिसतात आणि मधुमेह मागे लागलाय. हा मधुमेह वेगळा आहे. साखर उतरवणारं इन्सुलिन आणि चढवणारं ग्लुकॅगॉन, दोन्ही स्वादुपिंडातूनच येतात. माझं दोन्हीकडून कमी, त्यामुळे इन्सुलिन जरा जास्त झालं की साखर धाडकन खाली. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल लागते. चुकली तर शौचाला तेलकट, पाणी ओतूनही न जाणारं. वजन किती उतरलं ते जुन्या पँटी सांगतात. 'एखादा पेग घेतला तर काय होतं' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आणि सिगारेटही सोडा. स्वादुपिंड तीही बिघडवते.

औषधवाला
दुकानात रोज ऐकतो, "मी फक्त बिअर घेतो." हिशेब करा. 650 मिलीच्या 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिली पेगमध्ये साधारण 13. म्हणजे एक बाटली झाली चार पेगांची. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. या गोळीवर भरपूर दारू झाली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) घातक प्रमाणात साचू शकतात.

पणजीची आई
लेक टाइप 1 मधुमेहाची, म्हणजे इन्सुलिनवरच, होस्टेलवर असते. उर्राकच्या (काजूच्या बोंडांची दारू) दिवसांत मैत्रिणींच्या पार्ट्या असतात. तिच्या रूममेटला मी सांगून ठेवलंय, दारूनंतर यकृतात साखरेचा साठा नसेल तर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. ते द्यायचं, पण त्यावर विसंबायचं नाही, लगेच 108 ला फोन.

नुसती वाचक
सिस्टर, आमच्या ह्यांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 1100 आलंय. शुगर आहे, रोज संध्याकाळी बसतात. पोटात दुखत नाही म्हणून ऐकत नाहीत. हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, उद्यापासून बंद. बंद करू द्यावी का?

धागाकर्ती
ताई, 1000 च्या वर ट्रायग्लिसराइड असलं की तेवढ्यानेही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्यात दारूची भर. दुखेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. दारू सोडायचीच आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम तोडली तर हात थरथरणं, भास, फिट असं होऊ शकतं. किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा, ते औषधांच्या आधाराने सोडवतील. पुढच्या आधारासाठी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून हेच काम करतंय. भेटीची वेळ मिळाली की इथे कळवा.