मेटॅलिकाचा बाज नेमका कुठं बदलला? आणि जुनं-नवं एकाच सेटमध्ये कसं बसवायचं?

खानापूर_सहातारा
नमस्कार मंडळी. आमच्या बँडमध्ये मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडवरून दोन तट आहेत. दोघांच्या मते ‘जस्टिस’ (१९८८) या अल्बमनंतर सगळं संपलं, दोघांना ‘लोड’ (१९९६) हा अल्बम मनापासून आवडतो. गॅदरिंगला ४० मिनिटं आहेत आणि दोन्ही काळातली गाणी घ्यायचीत. ‘बाज बदलला’ म्हणतात तेव्हा कानाला नेमकं काय वेगळं लागतं? आणि दोन गिटार (एकीला तरंगता ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची हलती पट्टी), एक बास, साधा ड्रमसेट एवढ्यावर ट्यूनिंग न बिघडवता हे कसं जमवायचं? ‘विकले गेले’ एवढंच उत्तर नको, ते ऐकून झालंय.

टिळकवाडी_रिफ
‘विकले गेले’ हा आरोप १९९६च्याही आधीचा आहे. १९८४ला ‘राइड द लाइटनिंग’ अल्बमवर अकूस्टिक गिटारनं सुरू होणारं संथ गाणं आलं तेव्हाच तो झाला. १९८९ला पहिला व्हिडिओ काढला तेव्हा परत झाला, १९९१ला काळा अल्बम (काळ्या मुखपृष्ठाचा, बँडच्याच नावाचा) आला तेव्हा परत. त्यामुळं सालावरून भांडत बसू नका, ऐका.

सगळ्यात आधी उजवा हात. ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं (१९८६) शीर्षकगीत मिनिटाला साधारण २१२ ठोक्यांवर चालतं आणि मुख्य रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) जवळजवळ पूर्ण डाउनस्ट्रोकवर आहे. म्हणजे सेकंदाला सात फटके, सगळे वरून खाली. काळ्या अल्बमवरचं ‘एंटर सँडमन’ साधारण १२३ वर, म्हणजे सेकंदाला चार. हात जवळजवळ निम्म्यावर आला. दोन फटक्यांमध्ये जागा तयार झाली, आणि त्या जागेत ड्रम आणि बास ऐकू यायला लागले. ज्याला तो सात फटक्यांचा ताण हवा असतो त्याला ही जागा पोकळ वाटते. हे मला अगदी समजतं.

मग गाण्याची बांधणी. ‘जस्टिस’वर ९ गाणी ६५ मिनिटांत, म्हणजे एकेक सात मिनिटांच्या वर, एका गाण्यात रिफांची रांग. काळ्या अल्बमवर १२ गाणी साधारण ६२ मिनिटांत. फ्लेमिंग रासमुसेनच्या जागी बॉब रॉक निर्माता आला आणि एका रिफवर पूर्ण गाणं उभं करायची पद्धत आली. ‘जस्टिस’वर बास मिक्सिंगमध्येच इतका खाली घेतलाय की जेसन न्यूस्टेड वाजवतोय हे सांगावं लागतं. काळ्या अल्बमवर तोच बास पोटात लागतो. खरा सांधा तिथं आहे, ‘लोड’ ही त्याची पुढची पायरी.

‘लोड’वरची एक गोष्ट मात्र फार कमी लोक ऐकतात. तोपर्यंत अल्बमवरच्या ऱ्हिदम गिटार (गाण्याला आधार देणाऱ्या) गायक जेम्स हेटफिल्डच वाजवायचा, एकावर एक थर देऊन. म्हणून दोन्ही कानांत एकच हात, एकच धार. ‘लोड’ला दुसरा गिटारवाला कर्क हॅमेटही ऱ्हिदम वाजवायला लागला. हेडफोन लावा, आधी डावा कान ऐका, मग उजवा. फटका किंचित पुढं-मागं पडतो, दोघांचा आवाजही निराळा. भिंत गेली, दोन माणसं दिसायला लागली. मला हे आवडतं. ज्यांना भिंत हवी त्यांना हे ढिलं वाटणारच.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. रीमास्टर (जुन्या अल्बमची नव्यानं काढलेली आवृत्ती) जोरात असतो आणि जोरात वाजणारं कानाला आधी चांगलंच लागतं. ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) तर इतका दाबून भरलाय की ड्रमचे फटके फाटतात. तिथं बाजाला दोष देऊ नका, दोष आवाज दाबून भरण्याचा.

निपाणी_थ्रॅश
मी ‘लोड’च्या विरोधातलाच, पण कारण सांगतो. केस कापले, लोगोची टोकं छाटली, लोलापालूझा या अमेरिकेतल्या रॉक महोत्सवात वाजवलं, यावर भांडण्यात अर्थ नाही. माझी तक्रार मापाची आहे. १४ गाणी, ७९ मिनिटं, सीडी काठोकाठ भरलेली. आणि बहुतेक सगळी मध्यलयीत. ‘मास्टर’वर ८ गाणी ५५ मिनिटांत, त्यात जलद, संथ, शब्दांशिवायचं, सगळं आलं. तिथं संथ गाणं संथ वाटतं कारण आजूबाजूला जलद आहे. ‘लोड’मध्ये हा चढउतारच नाही. यातली आठ गाणी निवडून लावून बघा की, अल्बम दुसराच वाटतो. तुमच्या सेटलाही हेच लागू. मध्यलयीतली तीन गाणी ओळीनं घेतली की पोरं चहाला उठतात.

सुळेभावी_षड्ज
गळ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हेटफिल्डचा आवाज काळ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी बसला, त्यानंतर तो रीतसर गायन शिकला. आधीचं ओरडणं घशावर होतं, नंतर स्वर धरून गाणं आलं. ‘लोड’मधल्या लांब सुरांचं मूळ बऱ्याच अंशी इथं आहे.

आमच्या गावात १९२४ला जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं उदाहरण आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. क्षयातून उठल्यावर लांब दमसासाऐवजी छोट्या, टोकदार सुरावटींचं गाणं आलं, माळव्यातल्या लोकधुना आल्या, आणि घराण्याच्या अभिमान्यांनी नाकं मुरडली. दोन्ही संगीतांची बरोबरी करत नाही. पण शरीर बदललं की गाणं बदलतं, आणि ऐकणाऱ्याला ते आधी उणंच वाटतं, एवढं सारखं आहे.

तुमच्या गायकासाठी: जुनी गाणी आधी आणि ‘लोड’ची नंतर घेतलीत तर घसा बसलेला असेल आणि लांब सूर हलतील. सुरुवातीला एक मध्यलयीतलं, मग जलद, असं करा.

शहापूर_फ्रेट
आता ट्यूनिंग. आपल्या पट्टीच्या भाषेत सांगतो, कीबोर्डवाल्यालाही कळेल. ‘मास्टर’, ‘जस्टिस’ बहुतेक पांढरी तीनमध्ये, म्हणजे नेहमीचं ई. काळ्या अल्बमवर बहुतेक तेच, पण ‘सॅड बट ट्रू’ पांढरी दोनमध्ये. ‘लोड’ बहुतांशी काळी दोनमध्ये, म्हणजे सगळ्या तारा हाफ स्टेप (अर्धा स्वर) खाली. ‘सेंट अँगर’ (२००३) बहुतेक ड्रॉप सी, म्हणजे खालची (सगळ्यात जाड) तार पांढरी एकला.

माझा सल्ला सरळ आहे. सगळा सेट काळी दोनमध्ये बांधा, जुनी गाणीसुद्धा. नव्वदीच्या मध्यापासून बँड स्वतः स्टेजवर हाफ स्टेप खालीच वाजवतो. गायकालाही आराम.

तारांचं गणित असं. हाफ स्टेप उतरवलं की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्टेपला २० टक्के, ड्रॉप सीला खालच्या तारेवर जवळजवळ ३७ टक्के. काळी दोनला १०–४६ चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) चालतो, जोरात वाजवणारा असेल तर ११–४८. पांढरी दोनला खालची तार ५२ हवी. ४६ची तार ई वर जितकी ताठ असते, ५२ची डी वर साधारण तितकीच. ड्रॉप सीला ५६ तरी हवी, नाहीतर फटका मारल्या मारल्या तार वरच्या सुराला जाऊन खाली येते आणि प्रत्येक कॉर्ड बेसूर लागते. बासला काळी दोनपर्यंत ४५–१०५ पुरतो.

ताण कमी झाला की नेक मागं जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खडखडते. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, जिथं नेक बॉडीला मिळते तिथं खालची तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे पाव मिलिमीटर. फट नसेल तर ट्रस रॉड (नेकमधली लोखंडी सळई) घड्याळाच्या उलट पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नको. रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. खानापूरकडच्या पावसात लाकूड ओल धरतं, जूनला केलेलं सेटिंग नोव्हेंबरला राहत नाही, म्हणून हे काम कार्यक्रमाच्या आठवड्यातच करा.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच शिवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागं घ्या. जाड तार घातली असेल तर नटची (खुंट्यांजवळच्या पट्टीची) खाच बघा. ५२ची तार ४६च्या खाचेत बसत नाही, अडकते, खुंटी फिरवताना ‘टिक्’ आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाचेत मऊ पेन्सिल घासा. तरी अडकली तर खाच रुंद करून घ्या, पण खोल करू नका.

खानापूर_सहातारा
फार आभार. तरंगत्या ब्रिजवाल्या गिटारवर ‘सॅड बट ट्रू’पुरतं पांढरी दोनला उतरता येईल का, दोन गाण्यांच्या मध्ये?

शहापूर_फ्रेट
नाही ओ, अजिबात करू नका. तिथं तारा आणि मागच्या स्प्रिंग एकमेकांना तोलून धरतात. एक तार उतरवली की ब्रिज बॉडीकडं झुकतो आणि बाकी पाच चढतात, त्या उतरवेपर्यंत पहिली परत हलते. स्टेजवर दहा मिनिटं जातील. ही गिटार घरीच काळी दोनला आणा, मागच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवायच्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू थोडे थोडे सैल करत ब्रिज बॉडीला समांतर होईपर्यंत. मग ब्रिजखालच्या ब्लॉकच्या नेककडच्या बाजूला लाकडाचा नेमका तुकडा बसवा म्हणजे ब्रिज बॉडीकडं झुकणार नाही. ‘सॅड बट ट्रू’ हवंच असेल तर तेही काळी दोनमध्येच बसवा. हाफ स्टेप चढं लागेल, थोडं हलकं वाटेल, पण सगळे एका सुरात असतील.

चिकोडी_स्नेअर
ड्रम आणि साउंडचं. ‘सेंट अँगर’चा तो डब्यासारखा घुमणारा स्नेअर मुद्दाम आहे, ड्रमखालच्या तारा ताणून धरणारा लिव्हर सोडून वाजवलाय. तुम्ही हे करू नका. मंडपात तोच आवाज पत्र्यावर आपटून परत येतो आणि लय कळत नाही. जुन्या गाण्यांना स्नेअर ताठ ठेवा. ‘लोड’साठी वरच्या चामड्याचे सगळे स्क्रू पाव फेरा सैल केले आणि कडेला टेपचा छोटा तुकडा लावला तर पुरेसा जाड होतो. हे दोन गाण्यांच्या मध्ये मिनिटात होतं.

गिटारच्या अँपवर जुन्यासाठी गेन (फाटेपणा) ७, मिड (मधला आवाज) ३, ट्रेबल (वरचा आवाज) ७ असं बरेच जण ठेवतात. खोलीत भारी वाटतं, स्टेजवर गिटार गायब होते, कारण खालची जागा बास आणि किक घेतात, वरची झांजा, आणि मधली तुम्हीच काढून टाकलेली असते. मिड ५ च्या खाली नेऊ नका. ‘लोड’साठी गेन ५, मिड ६, ट्रेबल ५. साउंडवाल्याला गिटारच्या चॅनलवर ८० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. काळी दोनची खालची तार ७८ च्या आसपास आहे, तिचा वरचा भागच कानाला लागतो, कापल्यानं काही जात नाही. उलट बेसचे डबे मोकळे होतात आणि न्यूस्टेडचा बास ‘जस्टिस’च्या गाण्यातही ऐकू येतो.

निपाणी_थ्रॅश
तेवढ्यासाठी मी खानापूरला येतो. तारीख टाका.