‘ट्रम्बो’च्या शेवटी सगळ्यांनाच माफी?

कोजागर: हॉलिवूडच्या काळ्या यादीवरचा, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांवरचा, ‘ट्रम्बो’ (२०१५) हा चित्रपट मला शेवटी पटत नाही. तो संपतो पटकथालेखक डाल्टन ट्रम्बोच्या १९७० सालच्या भाषणावर: त्या काळात नायक-खलनायक कोणी नव्हते, होते ते सगळे बळीच. ट्रम्बो झालेला ब्रायन क्रॅन्स्टन ते इतकं सुरेख म्हणतो की प्रश्नच उरत नाही. पण कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीला उत्तर न दिल्याने ट्रम्बोसकट तुरुंगात गेलेल्या दहांपैकीच अल्बर्ट मॉल्ट्झने या विधानाला कडाडून विरोध केला होता. सहकाऱ्यांची नावं देणारा आणि नावं न देता तुरुंगात जाणारा, दोघांना एकाच तागडीत कसं तोलायचं? हा वाद वगळल्याने माफी फार स्वस्त झाली.

निशिगंध: असहमत. ट्रम्बोला जाब विचारायला आर्लेन हर्ड आहे की! अनेक लेखक मिळून घडवलेलं हे काल्पनिक पात्र त्याला तोंडावर सुनावतं, बोलतोस क्रांतिकारकासारखं, राहतोस श्रीमंतासारखा. आणि बंदी चुकवून टोपणनावांनी लिहिण्याचा धंदा काय बारकाईने दाखवलाय! स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या किंग बंधूंसाठी पडेल भावात पटकथा, बाथटबमध्ये बसून लेखन, काम वाढलं की बंदी आलेल्या मित्रांत वाटप, निरोप पोचवायला घरचीच मुलं. ट्रम्बोने लिहिलेल्या ‘रोमन हॉलिडे’वर नाव इयन मॅक्लेलन हंटरचं, कथेचं ऑस्करही त्यालाच. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. पटकथेचं श्रेय मिळालं २०११ मध्ये.

घटनापीठ: बारकाईचंच बोलायचं तर समितीचा अध्यक्ष पार्नेल थॉमस पगारघोटाळ्यात ट्रम्बोच्याच तुरुंगात येतो, हे साफ चूक. ट्रम्बो केंटकीत ॲशलंडला होता. थॉमस कनेटिकटमध्ये डॅनबरीला, रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोलसोबत. त्या दोघांच्या वाट्याचा प्रसंग उचलून नायकाला दिला. कायद्याची बाजूही घाईत उरकलीय. दहा जणांनी अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आसरा घेतला नाही. सगळी भिस्त अभिव्यक्तीच्या पहिल्या दुरुस्तीवर. १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्यांच्याकडून आशा होती ते न्या. मर्फी आणि न्या. रटलेज दोन महिन्यांच्या आत वारले, आणि १९५० मध्ये न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला.

लालबावटा: पक्षाबद्दल कोणीच बोलत नाही. ट्रम्बो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्याची युद्धविरोधी कादंबरी ‘जॉनी गॉट हिज गन’ पुन्हा छापायची नाही असं ठरलं, आणि प्रत मागणाऱ्या काही वाचकांची पत्रं त्याने स्वतः एफबीआयला दिली. चित्रपटात याचा मागमूस नाही.

कोजागर: पत्रं यायलाच हवी होती, माणूस अधिक खरा झाला असता. पण पक्षात असणं गुन्हा नव्हता. शिक्षा झाली समितीला उत्तर न दिल्याची. खलनायक शोधायचे तर स्टुडिओंच्या मालकांकडे बघा: नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात जमून त्यांनी दहा जणांना काम न देण्याचं ठरवलं, खटला उभा राहण्याआधीच.