मदत हवी आहे: सरोगसीत जावेचा बुडालेला पगार देता येतो का? (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझं गर्भाशय काढलेलं आहे. धाकटी जाऊ आपणहून म्हणाली, "वहिनी, मी माझ्या पोटात वाढवते तुमचं बाळ." तिचं वय ३१, तिला एक मुलगी आहे, म्हणजे सरोगसी कायद्यातल्या २५ ते ३५ वयाच्या अटीत ती बसते. बीज आमचंच असेल.

आता पैशांचं. २०२१ च्या या कायद्यानुसार सरोगेटला, म्हणजे दुसऱ्यांचं बाळ पोटात वाढवणाऱ्या बाईला, मोबदला देता येत नाही. वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेले इतर खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच. व्यावसायिक सरोगसीला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. तरीही एका एजंटाने "वरचे रोखीत द्या, कोण बघतं" असं सांगितलं. त्याचा नंबर मी ब्लॉक केलाय.

पण जाऊ सातपूरला पॅकिंगच्या कामावर रोजंदारीने जाते. नाही गेली की हजेरी कापली. शेवटचे महिने तिला उभं राहून काम कसं जमणार? तो बुडालेला रोज आम्ही दिला तर तो खर्च धरतात की मोबदला? पौष्टिक खाणं, दवाखान्यात जायची रिक्षा, तिच्या मुलीला सांभाळायला बाई, हे कशात बसतं? दीर म्हणतात, "घरातलेच आहोत, हिशोब कशाला?" मला मात्र हिशोब हवाच. उद्या तिला काही त्रास झाला तर भरपाईची हमी आम्हालाच प्रतिज्ञापत्रावर द्यायची आहे.

नाशिकमध्ये कुणी हे कायदेशीर मार्गाने केलंय का? विमा कोणत्या कंपनीने दिला, बाळाच्या पालकत्वाबद्दलच्या कोर्टाच्या आदेशासाठी वकील कोण होते? इनबॉक्समध्ये सांगितलंत तरी चालेल. एजंटांनी कृपया मेसेज करू नये.