मदत हवी आहे: बीपी-शुगर आणि मानसिक आरोग्याच्या कामाला निधी

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर आमची छोटी संस्था बीपी-शुगर तपासते, नैराश्याच्या रुग्णांची विचारपूस करते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, पण दर महिन्याला डोंगर उतरून आणायला जाणार कोण? जरा बरं वाटलं की गोळी बंद, आणि पुढे लकवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतो, तर पाड्यावर रेंज नाही. म्हणून गावातलीच पगारी कार्यकर्ती हवी.

१२ए, ८०जी (करसवलतीसाठी) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी) नोंदणी झाली आहे. कंपन्यांना भेटलो, रुग्णवाहिका द्यायला तयार, मानधन द्यायला नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी निधी चालणार नाही.

किमान तीन वर्षं मानधन देणारा देशी दाता कुणाला माहीत आहे का? आणि प्रस्तावात मानसिक आरोग्य वेगळं मांडावं की बीपी-शुगरसोबतच?