पगार ठीक असूनही नोकरी बदलावीशी का वाटते?

प्रश्न (त्रिमूर्तीनगरकर): नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा वर्षांपासून टेस्टिंगचे काम करतो. पगार वाईट नाही, वरिष्ठही त्रास देणारे नाहीत. तरीही दिवाळीपासून दर रविवारी रात्री पुण्यातील जागांच्या जाहिराती चाळत बसतो आणि अर्ज मात्र एकही करत नाही. ऑटोमेशनचे, म्हणजे चाचण्या प्रोग्रामकडून करून घेण्याचे, काम देण्याचे आश्वासन दोनदा मिळाले, दोन्ही वेळा ते बारगळले. हा नुसता कंटाळा समजावा काय?

उत्तर (एचआरवाली): कंटाळ्यापेक्षा ते बारगळलेले आश्वासन मला महत्त्वाचे वाटते. नेमणूकपत्रात नसलेल्या, पण कर्मचाऱ्याने मनात गृहीत धरलेल्या परस्पर देण्याघेण्याला कार्यसंस्थांच्या अभ्यासक डेनिस रूसो यांनी 1989 मधील लेखात ‘मानसिक करार’ म्हटले. तो मोडला की पगार तोच राहूनही माणसाचा विश्वास उडतो. आपल्या क्षेत्रात त्याला आणखी एक धार असते, कारण जुन्याच कामात अडकलेल्या माणसाला आपले कौशल्य बाजारात शिळे होत असल्याची भीती आतून पोखरत राहते, आणि ती भीती वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात लिहायला रकानाच नसतो.

उत्तर (खामला): अर्ज का होत नाही, याचेही उत्तर आहे. मिचेल, ली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी 2001 मध्ये मांडलेल्या ‘रुजलेपणा’च्या कल्पनेनुसार माणसाला कामावरचे आणि गावातले लागेबांधे, तिथे जुळलेले सूर आणि सोडून जाताना गमवाव्या लागणाऱ्या गोष्टी धरून ठेवतात. स्वतःचे घर, जवळ राहणारे आईवडील, मेट्रोने मिहानजवळच्या खापरीपर्यंतचा सोपा प्रवास हे सारे पुण्यातील हिंजवडीच्या वाढीव पगारातून वजा करूनच आपण हिशेब मांडतो. तेव्हा तुम्ही कंपनीत रुजलेला आहात की नागपुरात, हे आधी तपासा. नागपुरात असाल, तर शहर न सोडता कंपनी बदलता येते.

उत्तर (माजी पुणेकर): थोडी असहमती. मी थकव्यालाच महत्त्वाकांक्षा समजलो होतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सांगितलेली बर्नआउटची, म्हणजे कामामुळे पार गळून जाण्याची, तिन्ही लक्षणे, म्हणजे शक्तिपात, कामाविषयी तुटक कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नसल्याची भावना, माझ्यात होती आणि नव्या कंपनीत ती चार महिन्यांत परतली. आधी सलग दहा दिवस रजा घ्या. रजेतही जाहिराती चाळाव्याशा वाटल्या, तर मग अर्ज करा.

प्रश्नकर्ता: रजा टाकली आहे. ऑटोमेशनविषयीही या वेळी तोंडी न विचारता ईमेल केला आहे.