माळकरी सासऱ्यांना घेऊन रशियन जेवणाला जायचे आहे, काय मागवावे?

पंचवटीकर (प्रश्न):
गंगापूर रस्त्यावरील एका उपाहारगृहात शनिवार-रविवारी रशियन पदार्थ मिळू लागले आहेत आणि वाढदिवसाला तेथेच जायचे, असा धाकट्या मुलीचा आग्रह आहे. सासरे माळकरी असल्यामुळे मांस, अंडे किंवा मद्य यांपैकी काहीही त्यांना चालत नाही. सासूबाई अंडे खातात. आम्ही दोघे कोंबडी व मटण खातो, पण गोमांस आणि डुकराचे मांस टाळतो. सासऱ्यांना सोबत न्यायचे आणि चिप्सची बशी पुढे ठेवून बसवायचे, हे मला पटत नाही. सर्वांना पोटभर जेवता येईल असे काय मागवावे आणि वाढणाऱ्यांना नेमके काय विचारावे?

कॉलेजरोडवासी:
वैद्यकीय शिक्षणासाठी मी रशियात राहिलो आहे. पदार्थात मांसाचे तुकडे आहेत का, एवढेच विचारून थांबू नका; तो कशाच्या पाण्यात शिजवला आहे, तेही विचारा. बीटचे बोर्श (हे मूळचे युक्रेनचे, तेथील बोर्श रांधण्याच्या परंपरेची नोंद युनेस्कोने २०२२ मध्ये केली) आणि कोबीचे श्ची ही सूप बहुधा हाडे-मांस उकळलेल्या पाण्यात होतात, त्यामुळे वाढताना तुकडे बाजूला काढून काहीच साधत नाही.

मात्र ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती भाविक ईस्टरपूर्वी सुमारे सात आठवडे, तसेच एरवी बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध व अंडी वर्ज्य करतात. अळंबीच्या किंवा राजम्याच्या पाण्यातील बोर्श, कोबी भरलेले पिरोश्की (सारण भरलेले छोटे पाव), कुट्टूची भातासारखी मोकळी शिजवलेली काशा हे त्यांचे स्वतःचे उपवासाचे पदार्थ आहेत. म्हणून स्वयंपाक्याला ‘ईस्टरपूर्व उपवासाला चालेल असे करून द्या’ असे सांगावे. त्या परंपरेत मुरलेल्या माणसाला काय वगळायचे ते लगेच कळेल. फक्त त्या उपवासात मासे आणि वाइन यांना काही दिवशी मुभा असते, तेवढे वेगळे बजावावे.

तुम्हा दोघांसाठी पेल्मेनी (मांसाचे सारण भरून पाण्यात उकडलेल्या छोट्या करंज्या) मागवा, पण सारण कोंबडीचे किंवा मटणाचे आहे याची खात्री करूनच, कारण पारंपरिक सारणात गोमांस व डुकराचे मांस एकत्र असते.

ओझरनिवासी:
वरील उत्तर योग्य आहे. चवीबद्दल थोडी भर घालतो. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यामुळे आमच्या भागाचा रशियन तंत्रज्ञांशी जुना संबंध आहे आणि त्यांच्या घरचे जेवण मी जेवलो आहे. त्यात तिखट जवळजवळ नसते. आंबट साय, लोणच्याची काकडी आणि भरपूर ताजा शेपू यांवर चव उभी असते. शेपूची भाजी आवडणाऱ्या सासूबाईंना उकडलेला बटाटा, लोणी आणि शेपू नक्की रुचेल. त्यांच्यासाठी बटाट्याचे वारेनिकी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) मागवावेत. सासऱ्यांनाही ते द्यायचे असतील तर पारीत अंडे नाही आणि वरून चरबीत तळलेला कांदा घातलेला नाही, हे आधी विचारावे. मुलीला जॅम लावलेले ब्लिनी (पातळ धिरडी) आवडतील.

लग्नाच्या पंगतीत आपण रशियन सॅलड खातो, त्याचा मूळ प्रकार १८६० च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज उपाहारगृहात ल्युसिएँ ऑलिव्हिए यांनी रूढ केला. रशियात आज त्यात बटाटा, गाजर, मटार यांसोबत अंडे आणि बहुधा मांसही असते, त्यामुळे ओळखीचे नाव दिसले म्हणून सासऱ्यांसाठी ते मागवू नये.

पंचवटीकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सासरे अळंबीही खात नाहीत, तेव्हा राजम्याचे बोर्श सांगेन. तेथील यादीत क्वास नावाचे पेय दिसते. ते त्यांना चालेल का?

कॉलेजरोडवासी:
नाही. ते राय या धान्याच्या पावापासून आंबवलेले असते आणि त्यात अल्प प्रमाणात का होईना, मद्यार्क असतो. त्याऐवजी फळे उकळून केलेला कोम्पोत किंवा जॅमसोबत काळा चहा घ्यावा. मेदोविक हा मधाचा केक उत्तम असतो, परंतु त्यात अंडे असते. राजम्याच्या बोर्शसाठी आदल्या दिवशीच दूरध्वनी करून ठेवा, कारण राजमा रात्रभर भिजवावा लागतो.