‘कब’ या छोट्या विमानाचं श्रेय कुणाचं?
विल्यम पायपर यांना सरसकट ‘कबचे जनक’ म्हटलं जातं, म्हणून थोडी भर. मूळ आराखडा त्यांचा नव्हताच, तो सी. जी. टेलर यांचा. टेलर यांची विमान कंपनी १९३० साली बुडाली, आणि तेलाच्या धंद्यातल्या पायपरनी ती हजार डॉलरच्याही आत विकत घेतली! विमान साधं आणि स्वस्त हवं, हा हट्ट मात्र त्यांचा. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावचा कारखाना जळाला, तर त्यांनी लॉक हेवनच्या जुन्या रेशीम गिरणीत बस्तान हलवलं. तिथूनच कबचं ते पिवळं मॉडेल, जे-३, निघालं. कापडी पंख, पुढे ६५ अश्वशक्तीचं इंजिन, आणि गंमत म्हणजे एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसणार. १९४७ पर्यंत जवळपास २०,००० बनली. युद्धकाळात अमेरिकेतले कितीतरी वैमानिक पहिल्यांदा उडाले ते यातूनच.